झीज

वाघोलीच्या पलीकडं बंद पडलेली खाण.
तिसरा टँकर भरायला उतरतो तेव्हा
सव्वासहा वाजलेले असतात.
पाणी हिरवं. तळ कुणी पाहिलेला नाही.
मोटर सुरू झाली की कपारीतली कबुतरं उडतात,
एक फेरी मारून परत बसतात.

तो उडत नाही.

वरून तिसऱ्या टप्प्यावर, सुरुंगाच्या भोकाची
अर्धी नळी अजून दिसते तिथं,
दगडाला टेकून, दगडाच्याच रंगाचा.
चार महिने मी त्याच्याकडं बघत होतो
आणि मला वाटायचं, मुरूम आहे, वाळकं गवत आहे.
मग एका संध्याकाळी मुरमानं डोळे उघडले.
नारिंगी. दोन्ही माझ्यावर.

शृंगी घुबड, असं एक कॅमेरावाला पोरगा म्हणाला.
डोक्यावर दिसतात ती शिंगं नाहीत, पिसं आहेत.
घरटं म्हणून बांधत नाही,
दिवाळीनंतर उघड्या दगडावरच अंडी.
म्हटलं, मीपण असाच झालो,
पाल ठोकायच्या आधी.
तो हसला नाही, वहीत काहीतरी लिहिलं.

त्या टप्प्याखाली राखाडी बोळे पडलेले असतात,
केसांचे, दाबून वळल्यासारखे.
एक फोडला. आत घुशीचा जबडा,
दात शाबूत, धुतल्यासारखा पांढरा.
दुसऱ्यात खेकड्याची नांगी.
जे पचत नाही ते पहाटे ओकून टाकायचं
आणि दिवसभर डोळे मिटून बसायचं.
आम्हाला कुणी हे शिकवलं नाही.

बाप, यल्लाप्पा कुसाळकर, याच खाणीत बावीस वर्षं.
पाखरांबद्दल त्यानं एकच सांगितलं होतं :
घुबडाला दगूड मारू नको.
ते झेलतं, घिऊन जातं, जाग्यावर बसून घाशीत ऱ्हातं.
दगूड झिजंल तसा मारणारा झिजतो.

बापानं घुबडाला कधीच मारला नाही.
त्यानं फक्त दगडाला मारलं.
ससूनच्या डॉक्टरनं छातीचा फोटो
खिडकीच्या उजेडात धरला, म्हणाला, धूळ.
पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंनी, वरपर्यंत.
रिक्षात बाप बराच वेळ गप्प होता.
येरवड्याचा पूल ओलांडल्यावर म्हणाला,
बसलंय बघ कुणीतरी घाशीत.

औंदा पौषात एक कुत्रं टप्प्यावर चढलं.
मादी अंड्यांवरून उठली,
लांब जाऊन पडली, एक पंख फरफटत,
मोडल्याचं असं सोंग की माझाच जीव गेला.
कुत्रं मात्र तिच्याकडं वळेना.
मी खालून दगड भिरकावला.
तो कुत्र्याच्या पाठीवरून गेला, कड्याला आपटला,
आणि घरंगळत नेमका
अंड्यांपाशी थांबला.

कुत्रं पळालं. मी मोटर बंद केली.
आता ती उचलेल, असं वाटलं.
हसू नका, मी दहावी पास आहे.
टँकर अर्धा भरलेला, मी तिथंच उभा,
सोसायटीवाल्याचे फोन वाजत होते.
ती चालत परत आली. पंख नीट मिटला होता.
दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि बसली.

दुसऱ्या दिवशी पुलावर चढून बघितलं,
म्हणजे जुन्या क्रशरच्या त्या लोखंडी पुलावर.
तीन अंडी, आणि एका अंगाला टेकून
चौथं, काळं.

माघात तीन फुटली, दगड फुटला नाही.
पिल्लं अजून उडत नाहीत, कापसासारखी
टप्प्यावर चालत फिरतात,
त्याला अडखळतात, त्याच्यावर चढून खाली बघतात.
एक तर त्याच्यावर चोच घासतं, हे मी पाहिलंय.
बापाला सांगितलं नाही.

वरच्या अंगाला आता डंपर येतात,
शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ओततात.
दिवस मावळताना नर समोरच्या कड्यावरून बोलतो,
बूऽऽ, बूऽ, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तसा.
घरी त्याच वेळेला बापाचा खोकला सुरू होतो.
दोन्ही मी मोजत नाही.
पाइप काढतो, झाकण लावतो,
पहिल्या गिअरमध्ये चढ चढतो.